पक्षाला नेमकं म्हणायचंय काय? नागपूरकर मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून निवडणूक आली की महाल, इंदोरा, नंदनवन, गोकुळपेठ, जिथून बोलावणं येईल तिथे मतदारांच्या बैठकीला जाते. बैठक कधी मंदिराच्या ओट्यावर असते, कधी विहारात, कधी कुणाच्या अंगणात सतरंजी टाकून. कोणत्याही पक्षाची मी सदस्य नाही. एक तक्रार मात्र प्रत्येक ठिकाणी ऐकू येते: "मॅडम, भाषणं लय ऐकली, पण हे लोक करणार काय ते काही समजून नाही राहिलं." त्या तक्रारीतून निघालेले प्रश्न आणि मला पटलेली उत्तरं इथे लिहिली आहेत.

पक्षाचा संदेश म्हणजे काय? घोषणाच ना?

घोषणा भिंतीवर मावते, संदेश मावत नाही. संदेशात मला तीन गोष्टी दिसाव्या लागतात. आज काय बिघडलं आहे, ते कशामुळे बिघडलं, आणि हा पक्ष ते कुठल्या वाटेनं सुधारणार आहे. १९७१ मधली 'गरिबी हटाओ' ही हाक लोकांनी उचलली, कारण तिच्यामागे लोकांना दिसेल असं काहीतरी घडत होतं. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, संस्थानिकांचे तनखे बंद करण्यावरून झगडा सुरू होता. इंदिराबाई कुणाच्या बाजूनं उभ्या आहेत, हे खेड्यातल्या माणसालाही कळत होतं. गरिबी हटली की नाही हा पुढचा आणि दुःखाचा विषय आहे. पण म्हणणं स्पष्ट होतं.

याच्या उलट २००४ मधलं 'भारत उदय', म्हणजे 'इंडिया शायनिंग'. जाहिराती देखण्या होत्या. मात्र ज्या विदर्भात कापूस उत्पादक कर्जानं खचत चालला होता, तिथे ती चमक कुणाच्या अंगणात पडलेली नव्हती. ज्या वाक्यात ऐकणाऱ्याला स्वतःचं घर सापडत नाही, ते कितीही वेळा सांगितलं तरी त्याचं होत नाही.

पण पक्षाचा जाहीरनामा असतोच की. तो वाचला तर पुरे नाही का?

वाचा, जरूर वाचा. फक्त एक लक्षात ठेवा, जाहीरनामा काढलाच पाहिजे असं कोणताही कायदा सांगत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार नोंदणी करताना पक्षाला संविधानावर, समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. मतदाराला काय द्यायचं ते लिहून देणं त्यात येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधल्या निकालानंतर निवडणूक आयोगानं आचारसंहितेत जाहीरनाम्याबद्दल एक भाग घातला. आश्वासनामागचं कारण सांगा आणि पैसा कुठून उभा करणार तेही ढोबळपणे सांगा, अशी त्यात अपेक्षा आहे. जाहीरनामा हातात आला की मी आधी हे पैशाचं पान शोधते. बहुतेक वेळा ते सापडत नाही.

जाहीरनाम्यात सगळ्यांसाठी काही ना काही असतं. संत्रा बागायतदारासाठी एक ओळ, रिक्षावाल्यासाठी एक, विणकरासाठी एक. किराण्याची यादी आणि स्वयंपाक यात जेवढा फरक, तेवढाच या ओळींत आणि संदेशात. ओळींना धरून ठेवणारा विचार कुठला, हे पक्षानं सांगायचं असतं.

संदेश स्पष्ट आहे की नाही हे माझ्यासारख्यानं कसं ओळखायचं?

माझी पद्धत सांगते. एकाच पक्षाच्या तीन माणसांना वेगवेगळं गाठायचं: उमेदवार, बूथवर बसणारा कार्यकर्ता, आणि त्या पक्षाला वर्षानुवर्षं मत देणारा तुमच्या ओळखीतला कुणी, मग तो किराणा दुकानदार का असेना. तिघांना एकच विचारायचं: "तुमचा पक्ष निवडून आला तर पहिलं काय बदलेल?" शब्द वेगळे असू देत. मुद्दा तोच निघाला तर पक्षात काहीतरी झिरपलं आहे. उमेदवार रस्त्यांबद्दल बोलतो, कार्यकर्ता जातीबद्दल आणि दुकानदार समोरच्या पक्षाला फक्त शिव्या देतो, तर वरपासून खालपर्यंत एकच बोलणं नाही.

दुसरी पायरी जास्त महत्त्वाची. तिला मी 'दुसरा प्रश्न' म्हणते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. खरी परीक्षा त्यानंतर होते.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीतलं उदाहरण घ्या. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झालेला होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. भाजपच्या बाजूनं ६,००० रुपयांचं आश्वासन आलं, महाविकास आघाडीच्या बाजूनं ७,००० चं. आकडे दोघांचेही स्पष्ट. त्या दिवसांत कळमना बाजारात माल आणणाऱ्या शेतकऱ्याचा पहिला प्रश्न भावाचा नव्हताच. तो विचारत होता, "ओल किती चालेल?" सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती, परतीच्या पावसानं भिजलेला माल त्यात बसत नव्हता. ती मर्यादा १५ टक्क्यांवर आली ती मतदान तोंडावर आल्यावर. पुढचे प्रश्न बारदान्याचे, केंद्र किती दिवस उघडं राहील याचे, चुकारा किती दिवसांत खात्यात येईल याचे. ज्या कार्यकर्त्याला ओलाव्याच्या प्रश्नावर दोन वाक्यं बोलता आली, त्याच्या पक्षाला शेतीबद्दल खरंच काही म्हणायचं होतं. बाकीच्यांकडे नुसता आकडा होता.

हेच शहरात लागू पडतं. "चोवीस तास पाणी देऊ" म्हणणाऱ्याला विचारा, "मीटरचं बिल किती येईल?"

नागपुरात सगळ्यांना जोडणारा एकच संदेश शक्य तरी आहे का? इथे तर प्रत्येक भागाचं वेगळं.

वेगळं आहे, हे अगदी खरं. उत्तर नागपुरात आंबेडकरी विचार घराघरांत आहे. मध्य नागपुरात हलबा विणकरांना जातप्रमाणपत्राच्या प्रश्नानं पिढ्यान्‌पिढ्या छळलं आहे. पश्चिमेकडे नोकरदार आणि सेवानिवृत्त लोकांची वस्ती, पूर्वेकडे व्यापारी, हिंदी भाषक आणि छत्तीसगढी कष्टकरी. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला औष्णिक वीज केंद्रांच्या राखेचा प्रश्न. १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ याच गावात सुरू झाला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तीही इथेच. विजयादशमीला संघाच्या रेशीमबागेत आणि दीक्षाभूमीवर एकाच शहरातले लोक दोन वेगळ्या भावनांनी जमतात.

तरीही इथून देशाला जोडणारा संदेश गेलेला आहे. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचं अधिवेशन नागपुरात भरलं. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झालं. मला त्या अधिवेशनातला ठरावापेक्षाही मोठा वाटणारा भाग संघटनेचा आहे. सभासद वर्गणी वर्षाला चार आणे ठरली, म्हणजे गरीब माणूसही पक्षाचा झाला. प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे करायचं ठरलं, म्हणजे मराठी माणसाशी मराठीत, तमिळ माणसाशी तमिळमध्ये बोलणं आलं. एका वर्षात स्वराज्य, ही मुदतही गांधीजींनी दिली होती. मुदत पाळली गेली नाही. पण विदेशी कापड सोडा, सरकारी शाळा सोडा, कोर्ट सोडा, असं प्रत्येकाला आपापल्या घरी करता येण्याजोगं काम त्या संदेशात होतं. शेतकरी, वकील, विद्यार्थी, घरातली बाई, सगळ्यांना त्यात जागा होती आणि सगळ्यांकडून काहीतरी मागितलं होतं.

हे मागणं मला फार मोलाचं वाटतं. आजचे पक्ष मतदाराला देतात, देतात आणि देतात. काही मागत नाहीत. ज्याच्याकडून काहीच मागितलं नाही त्याला आपण त्या कामात आहोत असं कसं वाटणार?

पक्षाच्या आतच एकमत नसेल तर?

तर संदेश कागदावर राहतो. याचंही उदाहरण आपल्याच गावातलं आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पुन्हा नागपुरात झालं आणि सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. नेहरूंचा त्याला पूर्ण पाठिंबा. चौधरी चरणसिंह यांच्यासारख्यांनी तिथेच विरोध केला. ज्यांनी खेड्यात जाऊन हे शेतकऱ्याला पटवून द्यायचं, त्या कार्यकर्त्यांपैकी कितीतरी स्वतः जमीनदार घरांतले होते. ठराव मंजूर झाला, अंमल झाला नाही. त्याच वर्षी राजाजी, प्रा. रंगा, मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष काढला आणि त्यांच्या हाती पहिलाच मुद्दा आयता आला: तुमची जमीन जाणार.

अधिवेशनात टाळ्या पडल्या म्हणजे पक्ष एक झाला असं समजू नये. टाळ्या वाजवून गावी परतलेला माणूस तिथे काय बोलतो ते ऐकावं.

संदेश एक, पण पक्षाचे तुकडे अनेक, असंही होतं ना?

होतं, आणि मला हे लिहितानाही वाईट वाटतं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना जुलै १९४२ मध्ये नागपुरात झाली. बाबासाहेबांच्या मनातला रिपब्लिकन पक्ष त्यांच्या निधनानंतर, ३ ऑक्टोबर १९५७ ला, नागपुरातच स्थापन झाला. समता, स्वातंत्र्य, प्रत्येक माणसाची प्रतिष्ठा, याहून स्पष्ट म्हणणं देशात कुठल्या पक्षाचं होतं? उत्तर नागपुरातल्या आजीला आजही ते तोंडपाठ आहे. तरी काही वर्षांतच गट पडले आणि पुढे पडतच गेले. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत बहुजन समाज पक्षाचे १० नगरसेवक निवडून आले, काही मतं रिपब्लिकन गटांना गेली, काही काँग्रेसला. मतदार एका विचाराचा, पेट्या वेगवेगळ्या.

इंदोऱ्यातल्या एका बैठकीत एक ताई म्हणाल्या होत्या, "आमचा विचार ठरलेला आहे मॅडम, पत्ता ठरत नाही." संदेश सांभाळायला घर लागतं: वेळेवर होणाऱ्या अंतर्गत निवडणुका, हिशेब, दुसऱ्या फळीतली माणसं. हे नसेल तर चांगला विचारही भाड्याच्या खोलीत राहिल्यासारखा राहतो.

वेगळ्या विदर्भाबद्दल पक्ष स्पष्ट का बोलत नाहीत?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सर्वांत जास्त चीड याच प्रश्नावर येते. म्हणून थोडं मागून सांगते.

नागपूर हे मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. विधिमंडळाचं वर्षातून एक अधिवेशन नागपुरात, नोकऱ्यांत, शिक्षणात आणि विकासखर्चात लोकसंख्येप्रमाणे वाटा, अशी वचनं त्यात होती. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगानं विदर्भ वेगळं राज्य करावं अशी शिफारस केली. ती बाजूला राहिली, १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि नागपूरची राजधानी गेली. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीनं काँग्रेसला धूळ चारली, विदर्भ मात्र काँग्रेसच्या मागे राहिला. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही हाक पुण्यात रक्त उसळवत होती. आपल्याकडे तिचा तसा परिणाम झाला नाही. एकच भाषा बोलणाऱ्या लोकांनाही एक संदेश सारखा लागत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

पुढे नागपूरनं दोनदा अगदी स्पष्ट उत्तर दिलं. १९६२ मध्ये लोकनायक बापूजी अणे अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. १९७१ मध्ये, सगळा देश इंदिराबाईंच्या मागे असताना, नागपूरनं जांबुवंतराव धोटे यांना पाठवलं. दोघांचाही संदेश एकच होता, विदर्भ. १९८० मध्ये जांबुवंतराव पुन्हा निवडून आले ते काँग्रेसच्या चिन्हावर. तेव्हापासून नुसत्या विदर्भाच्या मुद्द्यावर नागपुरातून कुणी लोकसभेत गेलेलं नाही.

मोठ्या पक्षांचं काय झालं? भाजपनं १९९७ मध्ये भुवनेश्वरला छोट्या राज्यांच्या बाजूनं ठराव केला. २००० मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड ही तीन राज्यं झाली, विदर्भ राहिला, कारण युतीतल्या शिवसेनेला अखंड महाराष्ट्र हवा होता. काँग्रेसचे इथले नेते वेगळ्या विदर्भाच्या व्यासपीठावर दिसायचे आणि मुंबईत गेले की गप्प बसायचे. २०१४ मध्ये तेलंगणही झालं. मार्च २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे, म्हणजे बापूजींचे नातू, यांना विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याच्याही बाजूनं बोलल्यामुळे पद सोडावं लागलं.

राज्य नाही तर निदान अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेला वाटा, तरी भरा, अशी दुसरी मागणी होती. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं तो मोजला. संविधानाच्या कलम ३७१(२) खाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ मध्ये केळकर समितीचा अहवाल आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. उमेदवार दारात आला की मी त्याला हीच तारीख विचारते. माहीत असेल तर बसायला खुर्ची देते आणि पुढचं बोलते.

माझं स्वतःचं मत वेगळ्या राज्याच्या बाजूचं आहे. पण जो पक्ष "नाही, अखंड महाराष्ट्रच" असं नागपुरात उभं राहून म्हणेल आणि मग सिंचनाचा, नोकऱ्यांचा वाटा आकड्यांत सांगेल, त्याला मी प्रामाणिक म्हणेन. "योग्य वेळी बघू" हे उत्तर मला मान्य नाही. ते ऐकत तीन पिढ्या गेल्या.

युती-आघाडीत तीन तीन पक्ष. एक संदेश येणार कुठून?

येऊ शकतो, पण तिघांनाही मान्य होईल तेवढाच, म्हणजे लहानसा. २०२४ च्या विधानसभा प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा बाहेरून आली तेव्हा महायुतीतल्याच अजित पवारांनी ती महाराष्ट्रात चालणार नाही असं जाहीरपणे सांगितलं. तरी महायुती जिंकली, कारण मतदाराच्या घरापर्यंत पोचलेली दुसरी एक गोष्ट तिघांनाही मान्य होती: लाडकी बहीण. समोर महाविकास आघाडीत जागावाटप शेवटपर्यंत रेंगाळलं आणि मुख्यमंत्री कोण यावरचं बोलणं मिटलं नाही. ज्या दिवसांत म्हणणं लोकांपर्यंत न्यायचं, ते दिवस आपसांत गेले.

लाडकी बहीण हा संदेश आहे की नुसतं वाटप?

यावर बैठकीत दर वेळी वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. जुलै २०२४ पासून २१ ते ६५ वयाच्या, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या बाईला महिन्याला १,५०० रुपये. प्रचारात २,१०० चं आश्वासन आलं, समोरून ३,००० आणि मोफत बस प्रवासाचं.

धुणीभांडी करणाऱ्या एका बाईनं मला सांगितलं, "पहिल्यांदा माह्या नावानं पैसे आले, नवऱ्याले मागा लागले नाही." हा तिच्यासाठी संदेश होता आणि तो मला हलका करायचा नाही. 'सरकारला तू दिसतेस' असं तिला कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं होतं. माझी हरकत पुढच्या टप्प्यावर आहे. त्या बाईच्या मुलीला शिक्षण संपल्यावर नागपुरातच काम मिळेल का, विमानतळाजवळच्या मिहान उद्योग प्रकल्पात तिच्यासारखीला काय आहे, यावर पक्ष काय म्हणतो? रक्कम वाढवत नेण्याची शर्यत सुरू झाली की दोन्ही बाजूंचं बोलणं एकसारखं होतं आणि निवडायला फक्त आकडा उरतो.

विरोधी पक्षानं नुसता विरोध केला तर चालत नाही का?

जिथे जखम झालेली असते तिथे चालतं. १९७७ मध्ये आणीबाणीच्या विरोधात उत्तर भारत उसळला, कारण नसबंदीची सक्ती तिथे घराघरांत पोचली होती. त्याच निवडणुकीत नागपूरनं काँग्रेसचे गेव्ह आवारी यांना निवडून दिलं.

२०२४ च्या लोकसभेत 'संविधान वाचवा' हे म्हणणं विदर्भात खोल गेलं. दीक्षाभूमीच्या गावात संविधान हे पुस्तक नाही, ते घरातलं माणूस आहे. विदर्भातल्या १० पैकी ७ जागा महाविकास आघाडीनं जिंकल्या, राज्यात ४८ पैकी ३०. सहा महिन्यांनी विधानसभेत तीच आघाडी २८८ पैकी ४६ वर आली. निवडणूक होण्याच्या दोन आठवडे आधी संविधान सन्मान संमेलनही नागपुरात झालं होतं. पण लोकांचा प्रश्न बदलला होता. संविधान वाचवायचं हे ठीक, मग ते संविधान माझ्या पोराच्या शाळेचं, माझ्या मजुरीचं काय करणार, याचं उत्तर कार्यकर्त्याकडे तयार नव्हतं. मला वाटतं, तिथे एक फार चांगलं म्हणणं अर्ध्या वाटेवर सोडलं गेलं.

उमेदवार चांगला आहे, पण पक्ष गोंधळलेला. मत कुणाला?

आमदार-खासदारानं सभागृहात पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. १९८५ मध्ये संविधानात आलेली दहावी अनुसूची तसं सांगते. त्यामुळे माणूस कितीही चांगला असला तरी हात पक्षाच्या सांगण्यावरून वर होतो. हे लक्षात घेऊन ठरवा.

दुसरी बाजूही आहे. नितीन गडकरींना पक्षाबाहेरचीही मतं मिळतात, कारण रस्ते, मेट्रो, पूल हे त्यांचं म्हणणं डोळ्यांना दिसतं. त्यांचंही मताधिक्य २०१९ मध्ये दोन लाखांच्या वर होतं, ते २०२४ मध्ये १ लाख ३७ हजारांवर आलं. त्याच वर्षी शहरातल्या सहा विधानसभा जागांपैकी चार भाजपला आणि पश्चिम व उत्तर या दोन काँग्रेसला गेल्या. नागपूरचा मतदार माणूस, पक्ष आणि विषय वेगवेगळे तोलतो. मला त्याचा अभिमान आहे.

महापालिकेला कसला आलाय संदेश? गटार आणि दिवे!

गटार हाच संदेश. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि लोकांच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. नदीकाठी काय बांधू द्यायचं, नाले कुणी मोकळे करायचे, तलावाची भिंत कुणाची जबाबदारी, यावर पक्षाची एक भूमिका असायलाच हवी. चार जणांच्या प्रभागात तर जास्तच, कारण तिथे एकाच पक्षाचे चार उमेदवार चार दारांत चार गोष्टी सांगतात. २०१७ मध्ये १५१ पैकी १०८ जागा एका पक्षाला मिळाल्या. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली आणि प्रशासक आला. नगरसेवकच नसताना आपण वर्षानुवर्षं कचऱ्याची तक्रार कुणाकडे नेली, ते आठवा. चारही उमेदवारांना एकत्र बोलावून एकाच सतरंजीवर बसवा आणि नाल्याबद्दल विचारा.

मी कार्यकर्ता आहे. वरून फक्त पोस्टर येतात. दारात काय बोलू?

भाऊ, तुमच्याबद्दल मला खरी कळकळ वाटते. उन्हात फिरायचं तुम्ही, आणि तुम्हालाच कुणी काही समजावून सांगत नाही. पोस्टर वाचून दाखवू नका. पक्षाचं एक काम असं शोधा जे तुम्हाला स्वतःला पटतं, आणि ते तुमच्या वस्तीतल्या एका घरात कसं पोचलं किंवा का पोचलं नाही ते सांगा. जे माहीत नाही त्याला "विचारून सांगतो" म्हणा आणि खरंच विचारून सांगा. दुसऱ्यांदा दारात आलेला कार्यकर्ता लोक विसरत नाहीत. शहराध्यक्षांकडे बैठकीत एवढंच मागा: एक पान, तुमच्या बोलीत, दुसऱ्या प्रश्नांच्या उत्तरांसह.

आश्वासन पाळलं नाही तर कोर्टात जाता येतं का?

जाहीरनामा हा करार मानला जात नाही, त्यामुळे त्यासाठी पक्षाला कोर्टात खेचता येत नाही. तो जपून ठेवा. पाच वर्षांनी तोच कागद हातात घेऊन दारात उभं राहता येतं.

कुणाचंच म्हणणं पटलं नाही तर नोटा दाबू?

तुमचा हक्क आहे, २०१३ पासून तो यंत्रावर आहे. लोकसभा-विधानसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी निकाल बदलत नाही. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांसाठी वेगळा आदेश काढला: नोटाला सर्वाधिक मतं पडली तर तिथे फेरनिवडणूक. तेव्हा महापालिकेला त्याचं वजन जास्त आहे. मी स्वतः अजून नोटा दाबलेला नाही. आधी विचारून थकते, मग त्यातल्या त्यात सरळ उत्तर देणाऱ्याला मत देते.

सभेत उभं राहून विचारायची हिंमत होत नाही. काय करू?

मोठ्या सभेत विचारूच नका, कस्तुरचंद पार्कवर तुमचा आवाज कुणाला ऐकू जाणार? कोपरा सभा गाठा, नाहीतर उमेदवार पदयात्रेला आला की गल्लीच्या तोंडाशी थांबवा. चिठ्ठीवर एकच प्रश्न लिहा. चौघी-पाच जणी मिळून जा. उत्तर मिळालं की तिथल्या तिथे वहीत तारीख घालून लिहा आणि त्याला वाचून दाखवा.

आमच्या नंदनवनच्या गटाकडे अशी एक दोनशे पानी वही आहे. २०१७ मधलं पाण्याच्या टाकीबद्दलचं उत्तर तिच्या अकराव्या पानावर आहे. उमेदवार पुढच्या वेळी दारात आले की आधी ते पान उघडायचं, असं आमचं ठरलं आहे.